मागचा डबा

आमगावच्या अलीकडचं रेल्वे फाटक पडलेलं होतं आणि भोजराज कटरेला वाटलं, गाडी बंद पडली. सीटमधून पाठीला येणारी थरथर नेहमीसारखी लागत नव्हती, म्हणून खात्री करायला त्यानं अॅक्सिलरेटर दाबला. एकदा, मग पुन्हा, जरा जास्त. खालून कुठूनतरी, विहिरीत कोणी पोतं टाकावं तसा एक जाड आवाज वर आला आणि त्याला बरं वाटलं. आहे, चालू आहे. तेव्हाच त्याचं डाव्या बाजूला लक्ष गेलं. स्कूटीवर एक बाई होती आणि तिच्या पुढ्यात उभं असलेलं वर्ष-दीड वर्षाचं लेकरू. बाईनं स्कूटी मांड्यांत सावरून धरली होती आणि दोन्ही तळव्यांनी लेकराचे कान गच्च दाबले होते. लेकराचं तोंड घशापर्यंत उघडं होतं, खालचे दोन दात दिसत होते, गालांवरून पाणी ओघळत होतं. ते रडत होतं. हाताच्या अंतरावर, काच खाली केलेली, आणि ते रडणं भोजराजला ऐकू येत नव्हतं. बाईचे ओठ हलले. ती त्यालाच काही म्हणत होती. त्यानं नेहमीसारखी मान हलवली, हो-हो करत, किंचित हसून. बाईच्या चेहऱ्यावर त्यावर जे आलं ते पाहून त्यानं घाईनं किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं असावं, कारण बाईनं हळूच तळवे काढले, आणि मागच्या ट्रॅक्टरवर बसलेल्या तिघांनीही आपापल्या कानांवरचे हात खाली घेतले.

मालगाडी आली. ती त्याला ऐकू आली, म्हणजे बरगड्यांत आली, दातांत आली. फाटक उघडलं तरी तो जागचा हलला नाही. मागचे त्याला वळसा घालून पुढे निघाले, त्यातल्या एकदोघांनी हॉर्न वाजवला असणार, कारण त्यांच्या मानांचा झटका तसा होता. मग त्यानं गाडी सुरू केली आणि सायकलच्या वेगानं निघाला. दोन्हीकडे धान कापून बांध्या मोकळ्या झाल्या होत्या, कापलेल्या धानाच्या कडपा उन्हात वाळत पडल्या होत्या. बांधावरून चालणाऱ्या दोन बायका थांबल्या आणि गाडी जाईपर्यंत त्यांनी पदर कानाशी धरला. असं त्या रोजच करत असतील. त्याला वाटायचं, लोक थांबून गाडीकडे बघतात. तेवढंच त्याला दिसायचं.

गाडी त्यानं दोन वर्षांपूर्वी रायपूरच्या एका ठेकेदाराच्या मुलाकडून आणली होती. दोन दारांची, बसकी, पुढून साप फणा खाली घालून बसावा तशी. आमगावात तशी दुसरी नव्हती, आणि गावातल्या प्रत्येक गतिरोधकावर तिचं पोट घासायचं. अंगणात ती पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा त्याची बायको दुर्गेश्वरी तिच्याभोवती फेरी मारून म्हणाली होती, "अजी, आपुन चौघंजन हिच्यात बसाचं कुठं?" आणि सगळे हसले होते. बाबूजीही हसले होते, कशाला ते न कळता. बाबूजी, म्हणजे त्याचे वडील चुन्नीलाल, आचलचे आबाजी, तेव्हा ऐंशीला टेकले होते आणि गेली पंचवीस वर्षं ते असेच सगळ्यांच्या मागून हसायचे. त्या उन्हाळ्यात आचल, त्याची मुलगी, बारावीची परीक्षा देऊन मोकळी होती. गाडीला नवा रंग न देता तिच्यावर पातळ फिल्म चढवायची हे तिनंच मोबाईलवर शोधून काढलं. घरच्या राइस मिलच्या मागं कोंडा साठवायचं जुनं गोदाम होतं, ते झाडून घेतलं. साबणाचं पाणी, प्लास्टिकची पट्टी आणि दुर्गेश्वरीचा केस वाळवायचा ड्रायर. राखाडी फिल्मचं एक टोक आचलनं धरायचं, दुसरं त्यानं, आणि ड्रायरनं ऊब देत देत ती बॉनेटवर ओढून बसवायची. खाली हवेचा बुडबुडा राहिला की सुईनं टोचून काढायचा. "पप्पा, ओढा. पप्पा, थांबा. पप्पा, तिथं फुगला." दोघांच्या कपाळांवरून घाम फिल्मवर टपकायचा. संध्याकाळी दुर्गेश्वरी ताक आणून द्यायची आणि म्हणायची, घरच्या भिंती कधीच्या रंगवाच्या राहिल्या, आन बापलेक गाडीले साडी नेसवून राहिले. आता गाडी चालवता चालवता त्याला वाटलं, तेव्हा आचलचं 'थांबा' मला ऐकू येत होतं का? की तिचा वर झालेला हात पाहून मी थांबत होतो? त्यानं तो आवाज आठवायचा प्रयत्न केला. हात आठवला, कोपरावर चिकटलेला फिल्मचा तुकडा आठवला. आवाज आठवला नाही.

आवाजाचं काम त्यानं एकट्यानं केलं. गाडीच्या धुराच्या पाइपाला शेवटी एक डबा असतो. त्याच्या आत भोकं पाडलेल्या नळ्या आणि भोवती काचेची लोकर. इंजिनाचा आवाज त्यात शिरतो आणि दमून बाहेर पडतो. त्याला ही गाडी पहिल्यापासून मुकी वाटत होती. एवढी फणा काढलेली, आणि बोलते शेळीसारखी. व्हिडिओत एक दाढीवाला सांगायचा, आधीचा आवाज ऐका, आणि आता हा नंतरचा. भोजराज मोबाईल कानाला लावून 'आधी' ऐकायचा आणि 'नंतर' ऐकायचा आणि त्याला दोन्ही सारखेच वाटायचे. मोबाईलचा स्पीकर गेला असं समजून त्यानं मोबाईल बदलला. मग गोदामात गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवून तो खाली शिरला. मागचा डबा ग्राइंडरनं कापून काढला आणि त्या जागी सरळ पाइप वेल्डिंग करून बसवला. वेल्डिंग त्याला नव्यानं शिकायची गरज नव्हती. मिलमधली कोंड्याची नळी महिन्यातून एकदा फुटायची आणि ती पंधराव्या वर्षापासून तोच जोडत आलेला. पहिल्यांदा गाडी सुरू केली तेव्हा पाठीच्या मणक्यातून काहीतरी वर चढत गेलं, आणि इतक्या दिवसांनी कोणीतरी आपल्याशी नीट, तोंडासमोर बोललं असं त्याला झालं. पण महिन्या दोन महिन्यांत आवाज पुन्हा मंद वाटायला लागला. पाइपात काजळी बसली असेल म्हणून त्यानं तो काढून साफ केला. मग पाइपाच्या मध्यावरचा दुसरा डबाही कापला. मग पाइप आणखी रुंद केला. मिल चालवणारा रामलाल, बाबूजींच्या वेळचा म्हातारा मिस्त्री, एकदा गोदामाच्या दारात उभा राहून बघत होता. भोजराजनं त्याला गाडीत बसायची खूण केली. रामलालनं जवळ येऊन, त्याच्या कानाला तोंड लावून सांगितलं होतं, "मालक, हे गाडी नाई राहिली. हे आता मिल झाली." भोजराज त्यावर खूष झाला होता.

मिल. तिच्यात तो रांगला होता. धान भरडणारा हलर, पट्टे, चाळण्या, सकाळी सातपासून पायाखालची जमीन हलायची आणि ती हलायची थांबली की त्याला लहानपणी रडू यायचं, असं आई सांगायची. मिलमध्ये कोणी बोलत नसे. सगळं हातांनी. दोन बोटं वर म्हणजे धान सोड, मूठ म्हणजे थांब, तळवा आडवा फिरवला की झालं, बंद करा, घरी चला. बाबूजी घरीही तसेच हातवारे करत आणि मोठ्यानं बोलत, भांडल्यासारखे. पंचावन्नव्या वर्षी त्यांना जवळजवळ काहीच ऐकू येईनासं झालं. कानाला मशीन लावून घ्या म्हटलं की ते चिडत. मले सगळं ऐकू येते, तुमीच तोंडातल्या तोंडात बोलता. गोंदियाला मामाच्या घरच्या लग्नात पंगतीत वाढणाऱ्यानं त्यांना विचारलं होतं, बुंदी वाढू का, आणि बाबूजी सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असे म्हणाले होते, "दोन बोर मारले, एकालाही पानी नाई!" पंगत हसून लोटपोट झाली. सगळ्यांत आधी हसला होता भोजराज. तेव्हा तो कॉलेजात होता, नवा शर्ट घातलेला, आणि आपण या माणसाचे कोणी लागत नाही हे समोरच्या मुलींना कळावं म्हणून हसला होता. बाबूजींनी हसणाऱ्या तोंडांवरून नजर फिरवली, ती त्याच्या तोंडाशी येऊन थांबली, आणि मग तेही हसले. त्या दिवसापासून ते सगळ्यांच्या मागून हसायला लागले असं त्याला पुढे कित्येकदा वाटलं होतं, आणि दर वेळी त्यानं मिलमध्ये जाऊन बसून ते वाटणं घालवलं होतं.

गतिरोधक आला. गाडीचं पोट घासलं, ते त्याला पायांत कळलं. घर जवळ आलं तसा त्याचा वेग आणखी कमी झाला. घरात वर्षभरापासून कोणी त्याच्याशी बोलत नव्हतं, असं तो समजून चालला होता. आधी तो त्याला गाडीवरचा राग वाटला. मग फाल्गुनात बाबूजी गेले आणि घर एकदम खोल गेल्यासारखं झालं. ताटं मुकाट्यानं समोर यायची. आचल अंगणातून मुकाट्यानं निघून जायची. पावसाळ्यात एकदा बाहेरची चार माणसं बसलेली असताना ती मागून येऊन एकदम त्याच्या अंगावर ओरडली, "पप्पा!" गळ्याच्या शिरा ताणून, जसं रानात हरवलेल्याला ओरडावं. त्यानं उठून तिच्या थोबाडीत मारली. बापाशी असं बोलते? आचलनं गालाला हात लावला नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली, रागानं नव्हे, काहीतरी मोजत असल्यासारखी, आणि आत गेली. त्या दिवसापासून तिनं बोलणंच टाकलं असं त्यानं धरलं, आणि दुसऱ्याच दिवशी तो गाडीखाली शिरून पाइपाचं तोंड आणखी मोठं करत बसला. आज फाटकावर त्या लेकराचं उघडं तोंड पाहिल्यापासून एक विचार त्याच्या मागं लागला होता आणि तो त्याच्याकडे तिरक्या नजरेनंच बघत होता. घरात सगळे बोलत असतील तर? वर्षभर, रोज, माझ्याशी, माझ्या पाठीशी, समोरून, माझं लक्ष ताटात असताना, आणि मी कशाकशाला मान हलवली असेल?

गोदामात गाडी लावून त्यानं इंजिन बंद केलं आणि आत तसाच बसून राहिला. पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या काड्या येत होत्या, त्यांत कोंड्याची धूळ तरंगत होती. त्यानं चुटकी वाजवली, कानाजवळ. मग लांबून. मग गाडीतून बाहेर आला आणि पान्हा उचलून सिमेंटच्या जमिनीवर टाकला. पान्हा पडला, एकदा उसळला, स्थिर झाला. मनगटात एक झिणझिण आली, तेवढीच. त्यानं तो पुन्हा उचलला, पुन्हा टाकला. तिसऱ्यांदा वाकताना त्याला समोरच्या जमिनीवर सावली दिसली. वळून पाहिलं तर मागं आचल उभी होती, कॉलेजची बॅग खांद्याला, डोळे लाल.

ती त्याच्या अगदी समोर आली. तिनं त्याचे दोन्ही दंड धरले, लहान मुलाला धरावं तसे, आणि ओठ मोठे करून, सावकाश, मोठ्यानं बोलायला लागली. तिचा आवाज त्याला भिंतीपलीकडून आल्यासारखा येत होता, अर्धी अक्षरं गळालेली, पण ओठ दिसत होते आणि दोन्ही मिळून जुळत होतं.

"पप्पा, मी तीन डाव हाक मारली तुमाले. इथंच, मागून."

"कामात होतो," तो म्हणाला.

"कोनत्या कामात? पान्हा आपटून राहिले होते." ती थांबली. "त्या दिवशी तुमी मले मारलं, तवाही मी आंधी चार डाव हळू हाक मारली होती. मंग ओरडली. तवापासून मी पाहून राहिली. तुमी तोंडाकडे पाहता. तोंड दिसलं नाई का मान हलवता."

"उगाच काहीतरी. मिलचा आवाज राहते, गाडीचा राहते..."

"गाडी बंद आहे, पप्पा. मिल दुपारपासून बंद आहे. लाइन नाई."

तो मिलच्या दिशेनं बघत राहिला. तळपायांत काही नव्हतं. खरंच बंद होती.

आचलनं त्याची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. "एक इचारू? आबाजी मिलच्या पायऱ्यावरून पडले, आपुन त्याहीले दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं तुमाले काय म्हटलं होतं?"

हे त्याला लख्ख आठवत होतं. गोंदियाच्या त्या दवाखान्याची लांब गल्ली, फिनाइलचा वास, स्ट्रेचरवर बाबूजी, त्यांच्या कपाळाला पट्टी. डॉक्टर तरुण होता, घाईत होता, डोळ्यांपर्यंत मास्क चढवलेला. तो बोलत असताना मास्कचं कापड आतबाहेर होत होतं. भोजराजनं त्या कापडाकडे बघत शब्द पकडायची धडपड केली होती. एकच हाती लागला होता, 'घरी', आणि तोच त्यानं परत म्हटला होता. डॉक्टरनं भुवया वर करून पुन्हा काही म्हटलं होतं. भोजराजला कळलं होतं की आता काही उरलेलं नाही, घरी न्या म्हणतात, आणि त्यानं मान हलवली होती. हो, हो. नेतो घरी. डॉक्टर क्षणभर त्याच्याकडे बघत राहिला होता आणि मग त्यानं कागद पुढे केला होता. त्यानं सही केली. बाबूजींनाही काही ऐकू आलं नव्हतं. ते स्ट्रेचरवरून मुलाच्या तोंडाकडे बघत होते, डॉक्टर काय म्हणाला ते त्याच्या चेहऱ्यावर वाचायला. भोजराजनं त्यांच्यासमोर तळवा आडवा फिरवला होता. झालं, बंद करा, घरी चला. बाबूजींनी समाधानानं डोळे मिटले होते. पुढे नऊ दिवस ते घरच्या खाटेवर होते.

"काही उरलं नाई म्हटलं होतं," असं भोजराज म्हणणार होता. त्याचं तोंड उघडलंही. पण आचल आधीच बोलत होती, आणि आता तिचे ओठ थरथरत असल्यामुळे शब्द अर्धे अर्धे येत होते, तरी ते आले.

"डॉक्टरनं इचारलं होतं, नागपूरले नेता का घरी नेता? डोस्क्यात रक्त साकळलं आहे, लहानसं भोक पाडून काढता येते, आजच नेलं तं वाचतीन. मी तिथंच उभी होती, पप्पा. तुमी म्हटलं, घरी. त्याहीनं पुन्हा इचारलं, नक्की? तुमी हसून मान हलवली." तिनं बाहीनं नाक पुसलं. "अॅम्बुलन्समंदी मी इचारलं तुमाले, नागपूरले काऊन नाई? तुमी माह्या डोस्क्यावरून हात फिरवला. मले वाटलं, ठरवलं असन तुमी. आईले सांगितलं तं आई म्हने, त्याहीचा बाप आहे, त्याहीनं ठरवलं. मंग तेरवी झाली आन तुमी आठच दिवसांनी गाडीखाली जाऊन झोपले."

कोंड्याची धूळ उन्हाच्या काडीत वरखाली होत होती. भोजराजला आपल्या तळव्याची जाणीव झाली. तो मांडीशी लोंबत होता, जड, दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा. दुर्गेश्वरी ताट ठेवताना त्याच्याकडे का बघत नाही, ते त्याला कळलं. आठ महिने ती अशा माणसाबरोबर राहत होती ज्यानं बाप घरी आणून मरू दिला, आणि तरी ती त्याच्यासाठी भात रांधत होती. आणि बाबूजी? त्या नऊ दिवसांत शुद्ध होती तोवर ते त्याच्याकडे बघून अधूनमधून हसायचे. त्यांना वाटत होतं, पोरानं विचारून, ऐकून, समजून सांगितलं आहे.

"पप्पा." आचलनं त्याचे दंड हलवले. तिच्या चेहऱ्यावर आता राग नव्हता. तिथं एक भयंकर आशा होती, इतकी उघडी की त्याला तिच्याकडे बघवेना. "तुमाले ऐकू नव्हतं आलं ना? सांगा ना. त्या दिवशी तुमाले ऐकूच नव्हतं आलं ना?"

हो म्हटलं असतं तर तिथंच संपलं असतं. तिला बाप परत मिळाला असता. तिनं धावत जाऊन आईला सांगितलं असतं, दोघी रडल्या असत्या, उद्या त्याला गोंदियाला नेऊन कानाला मशीन बसवली असती. त्यानंतर लग्नांत, पंगतींत, मिलच्या ओट्यावर लोक त्याच्या तोंडाकडे बघून मोठमोठ्यानं बोलले असते आणि तो त्यांच्या मागून हसला असता. तेही चाललं असतं. पण मग बाबूजी कशानं गेले? मास्कच्या एका कापडानं. आतबाहेर होणाऱ्या वीतभर कापडानं, आणि 'काय म्हटलं? पुन्हा सांगा' हे तीन-चार शब्द भरल्या गल्लीत म्हणायची लाज वाटली म्हणून. दवाखान्यात त्याला ऐकू आलं नव्हतं हे खरं होतं. पण आपल्याला ऐकू आलेलं नाही, हे त्याला तिथं, त्या क्षणी, पुरतं कळलं होतं. हे आजवर त्यानं स्वतःलासुद्धा सांगितलं नव्हतं. आचल जे क्षमा करायला निघाली होती ते हे नव्हतं. हे तिला सांगायला त्याच्याकडे तोंड नव्हतं, आणि न सांगता तिची दया घेणं म्हणजे खाटेवर हसणाऱ्या त्या म्हाताऱ्याला पुन्हा एकदा फसवणं होतं.

"आलं होतं," तो म्हणाला. आपला आवाज किती मोठा निघाला ते त्याला कळलं नाही. "सगळं ऐकू आलं होतं. म्हाताऱ्या मानसाचे हाल कायले कराचे? मीच म्हटलं, घरी."

आचलचे हात त्याच्या दंडांवरून सुटले. ती एक पाऊल मागं सरली, तिची पाठ गाडीच्या दाराला लागली. तिनं त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधलं, बराच वेळ. त्यानं चेहरा सांभाळला. त्याची त्याला वर्षभराची सवय होती. मग तिनं खांद्यावरून घसरलेली बॅग सावरली आणि पाठ फिरवून निघाली. दाराशी दुर्गेश्वरी येऊन उभी होती, हात पिठाचे. कधीपासून, कोण जाणे. आचल तिच्याजवळ थांबली. तिची पाठ त्याच्याकडे होती, पाठीवरून वेणी हलत होती, म्हणजे ती बोलत असणार. दुर्गेश्वरीनं ऐकून घेतलं. एकदाच तिनं मान उचलून त्याच्याकडे बघितलं आणि ओठ हलवले, दोन शब्द असतील, तीन असतील. उजेड तिच्या मागून येत होता, तोंड काळं दिसत होतं. भोजराजनं डोळे बारीक केले, पण काही लागलं नाही. या वेळी त्यानं मान हलवली नाही, आणि काय म्हटलं असं विचारलंही नाही. दोघी घराकडे गेल्या.

तो गाडीच्या बाजूला ठोकळ्यावर बसून राहिला. उन्हाच्या काड्या जमिनीवरून सरकत भिंतीवर चढल्या आणि पत्र्यात विझल्या. जेवायला बोलवायला कोणी आलं नाही. किंवा आलंही असेल, दारात उभं राहून हाक मारून परत गेलं असेल.